तिसरी सही

आबांची आणि तात्यांची सही सकाळीच झाली होती. लासुर्ण्याच्या घरी, पूजा उरकल्यावर, चहाच्या आधी. राहिली होती ती उत्कर्षाची.

लोणी देवकरच्या एमआयडीसीतलं शीतगृह तिघांच्या भागीदारीत होतं. आजोबा हिंदुराव म्हणजे आबा, वडील विजयसिंह म्हणजे तात्या, आणि उत्कर्षा. ते तारण ठेवून चार कोटी उचलायचे तर कागदावर तिघांच्याही सह्या लागणार होत्या. पैसे हवे होते धाकट्या भावाला, ऋषिराजला. बारामतीतल्या त्याच्या स्टुडिओत साडेचार वर्षं एकच व्हिडिओ गेम बनत होता, आणि आजवर त्यात पैसा ओतणाऱ्या परदेशी कंपनीने मागच्या महिन्यात हात काढून घेतला होता. कारण गेम वाईट होता असं नव्हे. त्यांच्या तिकडच्या मालकांनी नफा-तोटा बघून एका दिवसात अकरा गेम बंद केले, त्यात हा एक. दोन ओळींचा मेल आला. करारात तशी सोय होतीच.

दिवाळीला आठ दिवस होते. ऋषीने सगळ्या घराला रविवारी स्टुडिओत बोलावलं. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी तो गेम पाहिला नव्हता. पाहून मग सही व्हावी, अशी त्याची इच्छा होती; आबा-तात्या तेवढंही थांबले नव्हते.

उत्कर्षा थेट शीतगृहातून आली. सकाळी सातला निमगाव केतकीच्या डाळिंबांचे दोन ट्रक दारात उभे होते, त्यातला एक उतरवून घेतल्याशिवाय तिचा पाय निघेना. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली तेव्हा या शीतगृहाच्या चारपैकी दोन खोल्या बंद होत्या, आणि तात्या ते भंगारात घालायच्या गोष्टी करत होते. आज चारही खोल्या भरलेल्या असायच्या. बावीस माणसं कामाला होती. ती तिथेच आवारात राहायची; मशीनचा आवाज जरा बदलला तरी तिला झोपेतून जाग यायची. तात्यांनी तारणाचं तिला फोनवर सांगितलं होतं. विचारलं नव्हतं. त्यातला फरक त्यांच्या लक्षात आला नव्हता, आणि तिनेही तो दाखवला नव्हता. ऋषी तिच्याहून सात वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन ती शाळेच्या गाडीपर्यंत जायची.

स्टुडिओ भिगवण रोडला, टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. आबा जिना चढून आले आणि दाराशीच त्यांनी चपला काढल्या. ऋषीची बायको माधवी म्हणाली की असू द्या, इथे सगळे चपला घालूनच वावरतात. आबांनी ऐकलं नाही. आत रांगेने टेबलं, त्यांवर बंद पडदे, भिंतीवर मेंढ्यांची, खडकांची, घाटांची शेकडो चित्रं. रविवार असूनही चार-पाच जण आले होते. त्यांत स्वराली होती. गेममधला सगळा मुलूख तिने रंगवला होता.

आबांना सगळ्यांत मऊ खुर्ची दिली. ती इतकी खाली गेली की त्यांना आधार देऊन वर काढावं लागलं. मग ते साध्या खुर्चीवर बसले. दिवे मालवले, आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर माळ उजाडला.

गेमचं नाव होतं ‘मेंढवाट’. शंभर वर्षांपूर्वीचा काळ. दुष्काळात बाप गेलेली बानू नावाची धनगराची पोर सव्वाशे मेंढरं घेऊन इंदापूरच्या माळावरून निघते, ती घाट उतरून कोकणात पोहोचेपर्यंतची वाट. खेळणाऱ्याने कळप सांभाळायचा. पाणी शोधायचं, लांडग्यांपासून राखण करायची, कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून बदल्यात धान्य मिळवायचं. उत्कर्षाला गेमबिम कळत नव्हते, पण त्या माळावरचं कुसळी गवत वाऱ्याने एका अंगाला लवलं तेव्हा तिच्या बाजूला बसलेल्या आईने, कौसल्याबाईंनी, पदर सारखा केला, जणू तो वारा तिलाच लागला होता.

आणि मग पडद्यावर हाळी उठली. टाळूला जीभ लावून काढलेली, लांब, शेवटी उचललेली. मेंढरांनी माना वळवल्या.

“म्हस्कू हाय ह्यो,” आबा म्हणाले.

म्हस्कू स्वरालीचे आजोबा. चाळीस वर्षं त्यांची मेंढरं दर उन्हाळ्यात आबांच्या रानात बसत आली होती. गेल्या माघात ते गेले. त्याआधी दोन वर्षं स्वराली त्यांना दर शनिवारी स्टुडिओत आणायची आणि त्यांच्या हाळ्या, शिट्ट्या, गवतांची नावं, सगळं ध्वनिमुद्रित करून घ्यायची. आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, पुन्हा लावा. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

तात्यांनी मागे वळून उत्कर्षाकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तिला कळला. आता काय राहिलं, असा तो अर्थ होता. तारणाच्या कागदांची निळी फाईल त्यांच्या मांडीवरच होती.

जेवण स्टुडिओच्या खाणावळीतल्या लांब टेबलावर मांडलं. आईने भाकरी, मटण आणि आबांसाठी वेगळं वांगं आणलं होतं. ती फार दिवसांनी खुशीत होती. पोराने काय करून ठेवलंय, आणि आपण इतकी वर्षं त्याला ‘खेळ करतो’ म्हणत आलो, असं ती प्रत्येकाला वाढता वाढता सांगत होती. उत्कर्षाला वाढताना तिने हळू आवाजात म्हटलं की जेवण झालं की लगेच सही करून टाक, चांगल्या कामाला वेळ लावू नये.

माधवी जेवत नव्हती. स्टुडिओचा हिशेब तिच्याकडे असे. ती उठली, आणि ताई, तुम्हाला आमच्या सर्व्हरची खोली दाखवते, तुमच्या खोल्यांसारखीच थंड ठेवावी लागते, असं म्हणत उत्कर्षाला घेऊन गेली. त्या खोलीत खरंच शीतगृहासारखा गारवा आणि घुमणारा आवाज होता. माधवीने दार लावलं.

“चार कोटीत गेम होत नाही, ताई,” ती म्हणाली.

मग तिने भराभर सांगितलं. बहुधा आधी मनात जुळवून ठेवलं असावं. या धंद्यात खर्च मोजायचा तो माणसांवर. एका माणसाचा महिना म्हणजे, पगार, जागा, वीज, मशीन मिळून, लाख रुपये. स्टुडिओत सेहेचाळीस माणसं. म्हणजे महिन्याला सेहेचाळीस लाख, काम पुढे सरको न सरको. बँकेत एक कोटी चाळीस लाख आहेत. त्यात चार कोटी आले तर जेमतेम पुढची दिवाळी गाठता येते. पण गेम पूर्ण व्हायला अजून वीस महिने आहेत, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर. आजवर एकही टप्पा ठरल्या वेळी झालेला नाही. शिवाय गेम बाजारात आल्याचं जगाला कळायला हवं, तो खर्च वेगळा. आणि गेलेल्या कंपनीचा हक्क गेलेला नाही. विक्री सुरू झाली की आधी त्यांचे चौदा कोटी फिटणार, मग उरलं तर आपलं.

“घरी त्याने आठ महिने सांगितलेत,” उत्कर्षा म्हणाली.

“हो. त्याला वाटतं, वर्षभर तग धरला तर दुसरी कंपनी मिळेल. सहा जणांना विचारून झालंय. सगळीकडे हेच चाललंय, मोठे गेम बंद करताहेत. कुणी नवीन घेत नाहीये.” माधवीने डोळे मिटले आणि उघडले. “मी त्याला चार वेळा सांगितलं. तो ऐकतो, मान हलवतो, आणि सकाळी पुन्हा नवा तक्ता करतो. तो खोटं बोलत नाही, ताई. त्याला खरंच तसं दिसतं.”

उत्कर्षाने तिला विचारलं की हे सगळ्यांसमोर का नाही बोललीस. माधवी म्हणाली, या घरात मी येऊन पाचच वर्षं झालीत. एवढंच. आणि ते पुरेसं होतं.

उत्कर्षा बाहेर आली तेव्हा टेबलावर पानसुपारी चालू होती. आता काय करायचं ते तिला ठरवता येईना. बोलावं तर माधवी उघडी पडते आणि भावाची अब्रू त्याच्याच माणसांसमोर जाते. गप्प बसून नुसतं ‘सही करत नाही’ म्हणावं, तर उद्यापासून सगळ्या घराला ती भावाच्या वाटेवर आडवी पडलेली बहीण. दुसरा मार्ग तिला वाईट वाटला नसता. नावं ठेवून घ्यायची तिला सवय होती. पण मग ऋषी सावकाराकडे गेला असता. हे तिला माहीत होतं, कारण तीही गेली असती.

तिने त्याला खुणेने जिन्यात बोलावलं.

खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र थांबून थांबून घरघरत होतं. ऋषी कठड्याला टेकला. एकोणतीस वर्षांचा, पण कानांच्या वर केस पांढरे झालेले. तिने सरळ विचारलं.

“ऋषी, चार कोटीत गेम होतो का?”

“होतो,” तो म्हणाला. “म्हणजे दाखवण्याजोगा होतो. मग कंपनी मिळेल.”

“मिळेल का मिळालीये?”

 तो बोलायला लागला तो थांबेना. चौदा कोटी लागलेत, सत्तर टक्के काम झालंय, अर्धा पूल कुणी विकत घेत नाही, तसा अर्धा गेमही नाही. आता थांबलो तर साडेचार वर्षं मातीत. ही पोरं पुण्याच्या, हैदराबादच्या नोकऱ्या सोडून बारामतीत आली ती आपल्या शब्दावर. ताई, थोडं राहिलंय. थोडंच राहिलंय.

तिने त्याला बोलू दिलं. त्याचं संपल्यावर म्हणाली, “तुझ्याकडे सेहेचाळीस माणसं आहेत. माझ्याकडे बावीस. तुझी वाचतील या आशेवर मी माझी लावायची, तर निदान मला आकडा खरा सांग.”

“माधवी बोलली तुला.”

“बोलली. आधी तुझ्याशी चारदा बोलली, मग माझ्याशी.”

ऋषी पायरीवर बसला. गुडघ्यांवर कोपरं, कोपरांमध्ये डोकं. दुकानातलं यंत्र दोनदा सुरू होऊन बंद झालं. उत्कर्षा त्याच्या शेजारी बसली. ती म्हणाली, मी आत जाऊन काही बोलणार नाही. आणि या आकड्यावर सहीही करणार नाही. काय सांगायचं आणि कसं सांगायचं, ते तुझं तू ठरव. तू सांगशील त्यात मी तुझ्या बाजूला उभी आहे.

“आणि नाहीच सांगितलं तर?”

“तर मी हिथून उठून लोणीला जाते. माझा एक ट्रक उभा आहे.”

तो किंचित हसला, निदान तिला तसं वाटलं. मग उठून आत गेला.

त्याने सगळं सांगितलं. वीस महिने, नऊ कोटी, सहा कंपन्यांचे नकार. कागद न बघता सांगितलं. बोलताना तो आबांकडे पाहत होता, तात्यांकडे नाही. 

सगळ्यांत आधी आई बोलली, आणि बोलली ती माधवीला. हे तुला ठाऊक हुतं आन तू आमाला सह्या का करू दिल्या, असं तिने विचारलं. आणि मघाशी ती उत्कर्षाला बाजूला घेऊन गेली होती ते आठवून, त्याच दमात, घरातली गोष्ट नवऱ्याच्या पाठीमागं दुसरीकडं का काढली, असंही. दोन्ही गोष्टींसाठी एकाच माणसाला एकदम दोष देता येतो हे उत्कर्षाला नवीन नव्हतं. ती मध्ये बोलणार तेवढ्यात ऋषीच म्हणाला, आई, तिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तिला काही म्हणू नको. माधवीने मान खाली घातली नाही. तिने पहिल्यांदाच एक भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

तात्या मात्र सही मागे घ्यायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. आपण सोयऱ्याधायऱ्यांत सांगून बसलोय, काटेवाडीच्या पाहुण्यांना तर दिवाळीनंतर मोठा कार्यक्रम करू म्हणून कबूल केलंय. आता माघार घेतली तर पोराचं नाव कायमचं जाईल. नऊ लागणार तर नऊचं बघू. रान हाय, शीतगृह हाय. ते चिडून बोलत होते, पण त्यांचा आवाज फाटत होता, आणि उत्कर्षाच्या ध्यानात आलं की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मुलासाठी काहीतरी मोठं करायला निघाला होता, आणि ती संधी हातची चालली होती.

 आबांनी सुपारी बाजूला ठेवली.

“विजू, नीरंवरची योजना आठवती का?”

तात्यांना आठवत होती. घरात सगळ्यांनाच ठाऊक होती. पण आबांच्या तोंडून ती कुणी ऐकली नव्हती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकतीस शेतकऱ्यांनी मिळून नीरा नदीचं पाणी वरच्या रानात आणायची सोसायटी केली होती, आणि आबा तिचे चेअरमन होते.

“पाइपा पुरल्या. पाणी चढंना. इंजिनियर म्हनला, अजून येक पंप टाका. टाकला. मंग म्हनला, आता थोडंच ऱ्हायलंय, अजून येक. तिसऱ्या पंपाला तुज्या आईच्या पाटल्या गेल्या.” आबा थांबले. “मला पयल्याच पंपाला कळालं हुतं, ह्ये पाणी येत न्हाय. पर मी चेअरमन. एकतीस मानसं माज्या तोंडाकडं बघत्यात. मी कसं म्हनायचं?”

 आबा ऋषीकडे वळले.

“तू म्हनलास. मला न्हाय जमलं.”

मग त्यांनी तात्यांकडे हात पुढे केला. तात्यांनी फाईल द्यायला वेळ लावला, पण दिली. आबांनी त्यातले कागद काढून घडी घातली आणि खिशात ठेवले. तात्या उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.  मग तसेच, रस्त्याकडे बघत, त्यांनी विचारलं, “किती मानसं ठिवता येतील?”

दुपारभर ऋषी, माधवी आणि उत्कर्षा एका टेबलाशी बसले. आईने दोनदा चहा आणला. दुसऱ्यांदा माधवीसमोरचा कप तिने स्वतः ठेवला. ठरलं ते असं: गेमचा पहिला टप्पा, माळापासून घाटमाथ्यापर्यंतचा, जवळजवळ तयार आहे. तेवढाच एक लहान गेम म्हणून पुरा करायचा. त्याला अकरा माणसं आणि आठ महिने लागतील. बाकी पस्तीस जणांना दोन-दोन महिन्यांचे पगार, आत्ता, पैसा असताना द्यायचे. कंपनीचा वाटा त्यातूनही जाईल. तो कमी करून घ्यायची बोलणी माधवी करणार. लहान गेम चालेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण तो बुडाला तर फक्त तो बुडणार होता.

अकरा नावं ऋषीने लिहिली. दोनदा खोडली आणि परत तीच लिहिली.

सोमवारी सकाळी त्याने उत्कर्षाला यायला सांगितलं. नुसतं मागे उभी राहा म्हणाला. ती राहिली. सेहेचाळीस माणसं टेबलांच्या मधल्या जागेत जमली, आणि ऋषीने आडवळण न घेता, जिन्यात बोलला होता तसलं काही न बोलता, जे होतं ते सांगितलं. आधी पगाराचं सांगितलं, मग बाकीचं. शिवम नावाच्या एका मुलाने विचारलं की पैसे नक्की जमा होणार का; माधवी म्हणाली, दुपारपर्यंत. काही जण रडले. एक जण टेबल आवरायला लागला. कुणीही ऋषीला वेडंवाकडं बोललं नाही, आणि तेच त्याला सोसवेना. शेवटी तो गच्चीवर निघून गेला.

अकरा जणांत स्वरालीचं नाव नव्हतं. पहिल्या टप्प्याचा मुलूख तिने केव्हाच रंगवून संपवला होता. आता लागणार होते ते प्रोग्रॅम दुरुस्त करणारे आणि तपासणारे. ती अंथुर्ण्याची. उत्कर्षा लोणीला त्याच वाटेने जाणार होती, म्हणून तिने तिला गाडीत घेतलं. मागच्या सीटवर स्वरालीचं खोकं होतं: रंगपेट्या, एक मग, म्हस्कूंचा फेटा बांधलेला फोटो.

काटेवाडी मागे पडली. मग स्वराली म्हणाली, “ताई, तुम्ही सही केली असती तर मला अजून वर्ष मिळालं असतं.”

“हो,” उत्कर्षा म्हणाली. 

“दोष देत नाहीये. नुसतं म्हणाले. या वर्षात मी कोकण करणार होते.”

लासुर्णं आलं. घराच्या वळणावर आईची टोपली उन्हात वाळत घातलेली दिसली. उत्कर्षा थांबली नाही. पुढे ऊस घेऊन चाललेल्या बैलगाड्यांची रांग होती. त्यांना ओलांडायला जागा होती, तरी ती त्यांच्या मागेच राहिली.

“कसं करणार होतीस?” तिने विचारलं.

स्वराली खिडकीबाहेर पाहत होती. ती आधी रंगांचं बोलली, लाल मातीचं, ओल्या दगडाचं. घाट उतरताना हवा कशी जड होते आणि मेंढरांची लोकर कशी दमट होऊन चिकटते, ते तिला दाखवायचं होतं. मग तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला, आणि ती हातांनी दाखवायला लागली.

“आजोबा सांगायचे, मेंढरं पहिल्यांदा समुद्राला पोचली की थबकतात. इतकं पाणी त्यांनी बघितलेलं नसतं. मग म्होरकी मेंढी पुढं होते, तोंड लावते, आणि मागं सरते. ती मागं सरली की सगळा कळप मागं सरतो. एकसुद्धा पुढं जात नाही.” ती थांबली. “तेवढं एक मी मनात करून ठेवलंय. कागदावर नाही घेतलेलं.”

“घे,” उत्कर्षा म्हणाली. “आजच घे.”

अंथुर्ण्याचा फाटा आला तेव्हा स्वरालीने खोकं मांडीवर ओढून घेतलं होतं आणि त्यात पेन्सिल शोधत होती. उत्कर्षाने गाडी बाभळीखाली सावलीला लावली आणि इंजिन बंद केलं. लोणीला ट्रक येऊन उभे असतील हे तिला माहीत होतं. तिने फोन उपडा ठेवला, आणि ती पोर समुद्र काढेपर्यंत थांबून राहिली.